मशीहाला मरण कसं येतं? येशूच्या दुःखसहनाबद्दल ख्रिस्ती लोक नेमकं काय मानतात

खान्देशात ख्रिस्ती घरात वाढलं की हा प्रश्न कधी ना कधी समोर येतोच. एसटी स्टँडवर गप्पा मारताना, शेतात कापूस वेचताना, कोणीतरी अगदी सरळ मनाने विचारतं, "तुमना देव मरी कसा गया भो?" देव आहे तर मेला कसा, आणि मेला तर देव कसा. मला हा प्रश्न कधी अपमानाचा वाटला नाही, उलट विचारणाऱ्याने बरोबर नेमक्या जागी बोट ठेवलंय असंच वाटतं, कारण येशूबरोबर राहणाऱ्या, त्याच्या ताटात जेवणाऱ्या शिष्यांनासुद्धा हेच कळत नव्हतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय, नवापूर-नंदुरबारकडच्या आपल्या पोरांसाठी पण आणि जे ख्रिस्ती नाहीत पण मनापासून विचारतात त्यांच्यासाठी पण.

आधी हे बघू की त्या काळचे यहुदी लोक कोणाची वाट बघत होते. मशीहा म्हणजे डोक्यावर तेल ओतून देवाने नेमलेला, आणि सगळ्यात आधी डोळ्यासमोर यायचा तो राजा, इस्राएलाचा जुना मोठा राजा दावीद याच्यासारखा. दावीदाच्या वंशाचं राज्य कायम राहील असं वचन बायबलच्या जुन्या करारात आहे. पण झालं उलटंच, इसवी सनापूर्वी 586 च्या सुमारास बाबेलच्या (बॅबिलोनच्या) सैन्याने यरुशलेम (जेरुसलेम) पाडलं, मंदिर जाळलं, राजघराणं संपलं. पुढे इराणी आले, ग्रीक आले, मग इ.स.पू. 63 मध्ये रोमन सेनापती पॉम्पी यरुशलेमात घुसला आणि इ.स. 6 पासून यहुदियावर, म्हणजे यरुशलेमच्या आसपासच्या प्रांतावर, थेट रोमचा सुभेदार बसला. एवढी शतकं दुसऱ्याच्या टाचेखाली काढलेल्या माणसाला कसा मशीहा हवा असणार? जो या परक्यांना हाकलेल आणि दावीदाचं सिंहासन परत उभं करेल असा. सगळ्यांच्या कल्पना एकसारख्या होत्या असं नाही, मृत समुद्राकाठी राहणारा एक गट तर दोन मशीहांची वाट बघायचा, एक याजक म्हणजे पुजारी आणि एक राजा. पण रोमन लोकांच्या हातून मरणारा मशीहा कोणाच्या यादीत नव्हता.

आणि दावा करणारे बरेच होऊन गेले. सगळ्यात मोठं नाव म्हणजे बार कोखबा, येशूनंतर शंभर वर्षांनी, इ.स. 132 ते 135 त्याने रोमशी लढाई केली, रब्बी म्हणजे यहुदी धर्मगुरू अकिवा, त्याच्यासारखा मोठा विद्वान त्याला मशीहा म्हणाला. मग रोमने त्याला मारलं आणि विषय संपला, तो मेला म्हणजे तो मशीहा नव्हता, साधा हिशोब. येशूच्या बाबतीतही हाच हिशोब लागायला हवा होता आणि पहिले तीन दिवस लागलाही होता. लूकच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचं आयुष्य सांगणाऱ्या बायबलच्या चार पुस्तकांपैकी एकात, अम्माऊस गावाच्या वाटेवर चाललेले दोन शिष्य काय म्हणतात बघा, इस्राएलाची सुटका करणारा तोच असेल अशी आमची आशा होती. होती! म्हणजे ते घरी परत निघाले होते, त्यांच्या दृष्टीने फाईल बंद.

खरं तर येशूने हे आधी सांगितलं होतं. मार्कच्या शुभवर्तमानाच्या आठव्या अध्यायात येशूचा शिष्य पेत्र छाती ठोकून म्हणतो की तू मशीहा आहेस, आणि त्याच बैठकीत येशू सांगायला लागतो की मला पुष्कळ दुःख सोसावं लागेल, मला मारलं जाईल आणि तीन दिवसांनी मी उठेन. पेत्र त्याला बाजूला घेऊन चक्क झापतो. आणि येशू त्याला काय म्हणतो, "सैताना, माझ्यामागे हो". एवढं कडक तो दुसऱ्या कुठल्या शिष्याला बोललेला नाही. मला वाटतं इथेच सगळं आलं, कारण पेत्र चुकीच्या माणसाला मशीहा म्हणत नव्हता, माणूस बरोबर होता, फक्त मशीहाने जिंकायचं कसं याची कल्पना त्याने स्वतःच्या मनातून आणली होती.

आता वधस्तंभ. आपल्याला क्रूस म्हटलं की गळ्यातली साखळी आठवते, चर्चचा कळस आठवतो. त्या काळच्या माणसाला ते नाव नुसतं ऐकून शहारे यायचे. ही शिक्षा गुलामांना, दरोडेखोरांना आणि बंडखोरांना द्यायची, शक्यतो रस्त्याच्या कडेला, येणाऱ्या-जाणाऱ्याने बघावं आणि घाबरावं म्हणून. स्पार्टाकसचं गुलामांचं बंड मोडल्यावर इ.स.पू. 71 मध्ये रोमन लोकांनी सहा हजार माणसं कापुआ ते रोम या रस्त्यावर ओळीने टांगली होती. 1968 मध्ये यरुशलेमजवळ एक जुनी कबर सापडली, त्यात दगडाच्या पेटीत एका तरुणाची हाडं होती, पेटीवर नाव होतं योहानान, आणि त्याच्या टाचेच्या हाडात लोखंडी खिळा तसाच अडकलेला. साधारण साडेअकरा सेंटीमीटरचा. त्याचं टोक वाकलेलं होतं, म्हणून तो काढता आला नसावा आणि घरच्यांनी त्याला खिळ्यासकट पुरलं. तो येशूच्याच शतकातला. मी त्या हाडाचा फोटो पहिल्यांदा बघितला तेव्हा गुड फ्रायडेच्या उपासनेत ऐकलेला "खिळले" हा शब्द वेगळाच ऐकू यायला लागला.

यहुदी माणसासाठी याच्यावर अजून एक थर होता. त्यांच्या नियमशास्त्रात, अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 21 व्या अध्यायात, लिहिलंय की झाडाला टांगलेला माणूस देवाच्या शापाखाली असतो. म्हणजे टांगला गेला तो नुसता हरला नाही, तर देवानेच त्याला टाकलं असा अर्थ निघायचा. आणि रोमन-ग्रीक लोकांना हा सगळा प्रकारच हास्यास्पद वाटायचा. रोममधल्या पॅलाटाईन टेकडीवर 1857 मध्ये एक भिंत सापडली, तिच्या गिलाव्यावर कोणीतरी ओरखडून चित्र काढलेलं आहे, क्रूसावर टांगलेला माणूस, त्याला डोकं गाढवाचं, शेजारी एक पोरगा हात वर करून उभा आणि खाली ग्रीकमध्ये वाकड्यातिकड्या अक्षरात लिहिलंय, अलेक्सामेनोस आपल्या देवाची पूजा करतो. अंदाजे दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं असेल. क्रूसावरच्या येशूची जी अगदी जुनी चित्रं आज शिल्लक आहेत त्यातलं हे एक, आणि ते भक्ताने नाही, टिंगल करणाऱ्याने काढलंय. येशूनंतर त्याची शिकवण पसरवणारा पौल ग्रीसमधल्या करिंथच्या ख्रिस्ती लोकांना लिहितो की आमचा वधस्तंभावरचा ख्रिस्त यहुद्यांना अडखळण आणि ग्रीकांना मूर्खपणा वाटतो, ते का हे अशा गोष्टी बघितल्या की समजतं. असली गोष्ट कोणी प्रचारासाठी बनवून सांगणार नाही, कारण ती ऐकून लोक जवळ येण्यापेक्षा पळूनच जायचे.

मग शिष्यांचं मत बदललं कसं? ते स्वतः एकच कारण देतात, तो तिसऱ्या दिवशी आम्हाला जिवंत भेटला. हे कोणाला पटेल कोणाला नाही, पण हे मधून काढून टाकलं तर ख्रिस्ती श्रद्धेचं काहीच उरत नाही, पौल पण तेच म्हणतो, ख्रिस्त उठला नसेल तर तुमचा विश्वास व्यर्थ आहे. पण उठला असेल तर मग शापाचा हिशोब उलटतो, देवाने त्याला टाकलेलं नाही हे सिद्ध होतं, आणि मग प्रश्न बदलतो. "हा मशीहा कसा असेल" हा प्रश्न जातो आणि "मशीहाला मरायची गरज काय होती" हा येतो.

तेव्हा त्यांनी आपलेच जुने ग्रंथ परत उघडले आणि यशया संदेष्ट्याच्या 53 व्या अध्यायापाशी येऊन थांबले. तिथे देवाच्या एका सेवकाचं वर्णन आहे, तुच्छ मानलेला, लोकांनी टाकलेला, दुःख ओळखीचं असलेला, तो आमच्या अपराधांमुळे घायाळ झाला, कापायला नेलेल्या कोकरासारखा गप्प राहिला, आणि त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हाला आरोग्य मिळालं. कोणी म्हणेल की हे नंतर ख्रिस्ती लोकांनी घुसवलं असेल, तर तसं नाहीये, 1947 मध्ये मृत समुद्राकाठच्या गुहेत यशयाची अख्खी गुंडाळी सापडली, ती येशूच्या शंभरेक वर्षं आधीची आहे आणि तिच्यात हा अध्याय आहे.

पण इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला पाहिजे, जी आपल्याकडे प्रवचनात सहसा सांगत नाहीत. त्या अध्यायात मशीहा हे नाव कुठेच नाही. यहुदी विद्वान म्हणतात की हा सेवक म्हणजे इस्राएल राष्ट्रच, ज्याने सगळ्या जगात मार खाल्ला, आणि यशयातच आधी इस्राएलाला "माझा सेवक" म्हटलेलं आहे, तेव्हा ते काही उगाच बोलत नाहीत. बायबलच्या 'प्रेषितांची कृत्ये' या पुस्तकात एक इथिओपियाचा अधिकारी रथात बसून हाच अध्याय वाचतोय आणि फिलिप्प नावाच्या ख्रिस्ती प्रचारकाला विचारतो, संदेष्टा हे कोणाबद्दल बोलतोय, स्वतःबद्दल की दुसऱ्या कोणाबद्दल? म्हणजे हा प्रश्न पहिल्या शतकातही उघडाच होता. ख्रिस्ती उत्तर असं आहे की इस्राएलाने जे व्हायचं होतं ते एका माणसात पूर्ण झालं. हे येशूकडून मागे वळून बघितल्यावर दिसतं, नुसता अध्याय हातात घेऊन गणित सोडवल्यासारखं सिद्ध करता येत नाही, आणि तसं करायचा हट्ट धरू नये असं माझं मत आहे.

आता सगळ्यात अवघड भाग. मरायची गरज काय? आणि याच्यावर आपल्याकडचा खरा आक्षेप हा असतो की भाऊ, करावं तसं भरावं, ज्याने केलं त्याने भोगावं, दुसऱ्याने कशाला? बरोबर आहे, आणि बायबलही हेच म्हणतं. जुन्या करारातल्या यहेज्केलच्या पुस्तकाच्या 18 व्या अध्यायात स्पष्ट लिहिलंय की बापाच्या पापाचा भार मुलाने वाहायचा नाही. मग निर्दोष येशूला शिक्षा आणि दोषी लोक मोकळे, हा कुठला न्याय?

आपल्याकडच्या उधारीतून बघू. कापसाला बियाणं, खत, औषध बऱ्याच वेळा कृषी केंद्रातून उधार उचललं जातं, हंगाम झाला की द्यायचं. समजा बोंडअळीने कापूस खाल्ला किंवा माणसाने पैसे भलतीकडेच उडवले, आणि दुकानदाराने वही काढून त्याच्या नावावर काट मारली, जा म्हणाला, माफ. आता ते पैसे गेले कुठे? ते हवेत विरले नाहीत. कंपनीचं बिल दुकानदाराला भरावंच लागणार, म्हणजे ज्याने माफ केलं त्यानेच भरलं. माफी फुकट फक्त घेणाऱ्याला असते, देणाऱ्याला कधीच नसते. आणि त्याच्या जागी दुकानदाराने रस्त्यावरून कोणीतरी तिसराच माणूस धरून आणला असता आणि त्याच्याकडून वसूल केलं असतं तर तो अन्यायच झाला असता.

आणि ख्रिस्ती लोकांना हेच सांगायचंय, वधस्तंभावर तिसरा माणूस नव्हता. लोकांना वाटतं की तिकडे वर रागावलेला बाप बसलाय आणि त्याने आपला राग काढायला बिचाऱ्या मुलाला पुढे केलं, आणि खरं सांगायचं तर आपले काही प्रचारकही हे असंच सांगतात, ते ऐकून मला फार वाईट वाटतं, कारण ही ख्रिस्ती शिकवण नाहीच. शिकवण ही आहे की पिता आणि पुत्र एकच देव, पुत्र म्हणजे देव स्वतःच माणूस होऊन आला. पौलाचं वाक्य आहे, देव ख्रिस्तामध्ये जगाचा स्वतःशी समेट करत होता. ज्याचं देणं होतं त्यानेच ते अंगावर घेतलं. आणि येशू जबरदस्तीने गेला नाही, योहानाच्या शुभवर्तमानात तो म्हणतो, माझा जीव माझ्यापासून कोणी घेत नाही, मी स्वतः होऊन देतो.

मग देव मेला का? इ.स. 451 मध्ये खाल्केदोनला भरलेल्या चर्चच्या परिषदेत जे ठरलं ते सोप्या भाषेत असं, येशू एकच व्यक्ती आहे पण पूर्ण देव आणि पूर्ण माणूस, त्याने मरण सोसलं ते माणूसपणात, देवपणाला मरण लागत नाही, पण मरणारी व्यक्ती तीच, देवाचा पुत्र. म्हणून विश्व चालवायला त्या तीन दिवसांत कोणी नव्हतं असा काही त्याचा अर्थ होत नाही.

आणि हा मृत्यू नेमकं काम कसा करतो याचं एकच ठरलेलं उत्तर नाही, हे बऱ्याच ख्रिस्ती लोकांनाही माहीत नसतं. आपण जो नायसियाचा मतांगिकार, म्हणजे श्रद्धेचं ठरलेलं विधान, म्हणतो त्यात एवढंच आहे की तो आमच्यासाठी रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या वेळेस वधस्तंभावर खिळला गेला, कसं-का याचा सिद्धांत त्यात नाही. सुरुवातीच्या शतकांत जास्त भर होता की त्याने मरणाच्या घरात शिरून मरणालाच हरवलं, पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये आजही ईस्टरचं चित्र असतं त्यात येशू मृतलोकाचे दरवाजे तुडवून आदाम-हव्वेला हाताला धरून वर ओढतोय. 1098 च्या सुमारास इंग्लंडमधल्या कँटरबरीचा आर्चबिशप अँसेल्म याने मांडलं की पापामुळे देवाचा मान गेला, तो भरून द्यायचं कर्तव्य माणसाचं पण ताकद फक्त देवाची, म्हणून देव-माणूसच पाहिजे. त्याच्यानंतर काही दशकांनी फ्रान्सचा विद्वान अबेलार्ड म्हणाला की एवढं प्रेम बघून माणसाचं मन वितळतं, बदल तिथे होतो. सोळाव्या शतकात कॅल्व्हिन वगैरेंनी कोर्टाची भाषा आणली, आपली शिक्षा त्याने घेतली, आणि आपल्या खान्देशातल्या प्रोटेस्टंट मंडळ्यांमध्ये बहुतेक हीच भाषा ऐकू येते. आणि 1930 च्या आसपास स्वीडनचा धर्मपंडित गुस्टाफ ऑलेन याने परत आठवण करून दिली की जुनी, विजयाची बाजू आपण विसरलोय. नंदुरबार-धुळ्याकडे काम करायला आलेले बरेच मिशनरी स्कँडिनेव्हियाकडचेच होते म्हणून मला हे नाव जवळचं वाटतं. माझ्या मते यातला एकच धरून बाकीचे फेकायची गरज नाही, बायबलमध्ये हे सगळे धागे आहेत, येशूने स्वतः मार्कमध्ये खंडणी म्हटलं, पुष्कळांच्या सुटकेसाठी दिलेली.

नुसतं मरणच नाही, त्याच्या आधीचं दुःखही मोजलं जातं. पकडला जाण्याच्या रात्री गथशेमाने बागेत येशू आपल्या स्वर्गातल्या बापाला म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर, तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको तुझ्या. तो घाबरला होता. ख्रिस्ती लोकांनी हे लपवलं नाही, चार शुभवर्तमानांपैकी तिघांत हा प्रसंग आहे. मित्र झोपले, एकाने पैशासाठी पकडून दिलं, एकाने तीनदा नाकारलं. आणि शेवटी ती आरोळी, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?" हे 22 व्या स्तोत्राचं पहिलं वाक्य आहे, जे स्तोत्र अशा आक्रोशाने सुरू होऊन स्तुतीकडे जातं. पण म्हणून त्या आरोळीतली वेदना कमी करू नये. कर्जापायी ज्या घरातला माणूस गेलाय, ज्या बाईने सिव्हिल हॉस्पिटलच्या पायरीवर बसून देवा तू कुठे आहेस म्हटलंय, तिला ख्रिस्ती श्रद्धा असं नाही सांगत की तुझा प्रश्न पाप आहे. हा प्रश्न येशूने स्वतः विचारलाय.

एक गोष्ट मात्र ठणकावून सांगायची आहे. यहुद्यांनी येशूला मारलं म्हणून सगळे यहुदी दोषी, असं म्हणत युरोपात शतकानुशतकं त्या लोकांवर भयानक अत्याचार झाले, आणि ते ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांनी केले. येशू स्वतः यहुदी, मरिया यहुदी, पेत्र-योहान यहुदी. काही पुढाऱ्यांनी त्याला पकडलं, पण शिक्षा पिलाताची, खिळे रोमन शिपायांचे. कॅथलिक चर्चने 1965 मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत अधिकृतपणे सांगितलं की त्या काळच्या सगळ्या यहुद्यांवर किंवा आजच्या यहुद्यांवर हा दोष ठेवता येत नाही. ख्रिस्ती शिकवणीप्रमाणे विचारायचं असेल कोणामुळे मेला, तर उत्तर माझ्यामुळे असं आहे.

आपल्याकडे गुड फ्रायडेला दुपारी बारा ते तीन उपासना असते, कारण शुभवर्तमानात त्या वेळी अंधार पडला आणि तीनच्या सुमारास त्याने प्राण सोडला असं आहे. मार्च-एप्रिलचा खान्देशातला उन्हाळा, बाहेर रस्ते ओस, चर्चच्या पत्र्याखाली पंखे गरम हवा फिरवतायत, आणि वधस्तंभावरचे सात उद्गार एकेक करून सात जण सांगतात, कोणी पाळक, कोणी शाळामास्तर, कोणी नर्स. म्हाताऱ्या बाया पदर डोक्यावरून घेऊन तीन तास हलत नाहीत. "मला तहान लागली आहे" हा पाचवा उद्गार यायला दोन वाजून जातात, आणि त्या उन्हात तो कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

कोणाला स्वतः वाचून बघायचं असेल तर मोठमोठ्या पुस्तकांपासून सुरू करू नका. मार्कचं शुभवर्तमान घ्या, अध्याय 14 आणि 15 एका बैठकीत वाचा, सगळ्यात साधं आणि सगळ्यात वेगाने सांगितलेलं तिथेच आहे. मग यशया 53. मग लूक 24, अम्माऊसच्या वाटेचा. आणि वाचून प्रश्न पडले तर जवळच्या मंडळीतल्या पाळकांना बिनधास्त जाऊन विचारा, ख्रिस्ती असा नसा, बहुतेक ठिकाणी आधी चहा येईल आणि मग बोलणं सुरू होईल.